चाके बदलूनही इंजिन पुन्हा डुलते: खेळण्यातल्या जुन्या रेल्वे इंजिनांच्या चाकांचे निदान आणि दुरुस्ती

चाके बदलली, काही महिने इंजिन बरे चालले, आणि मग पुन्हा तेच डुलणे, सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) घसरणे आणि चढावर जागच्या जागी फिरणे सुरू झाले, अशी तक्रार जुनी खेळण्यातली इंजिने सांभाळणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा नव्या चाकात सापडत नाही. जुने चाक नेमके कशाने गेले हे न ठरवता दुसरे बसवले जाते, आणि ज्या कारणाने पहिले गेले तेच कारण दुसऱ्यालाही यथावकाश गाठते. त्यामुळे चाक काढण्याची साधने हातात घेण्यापूर्वी मोजमापाला वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

येथे मुख्यतः दोन प्रकारच्या इंजिनांचा विचार केला आहे. पहिली पत्र्याची, चावीवर किंवा विजेवर चालणारी ओ गेजची, म्हणजे ३२ मिलिमीटर रुळांतराची इंजिने. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्न्बी या नावाने अशी इंजिने १९२० पासून विकली. दुसरी १९३८ मध्ये त्याच कंपनीने आणलेली हॉर्न्बी डब्लो ही १६.५ मिलिमीटर रुळांतराची छोटी इंजिने. नागपूरला १८६७ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे पोहोचली आणि १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली. रेल्वेशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या इथल्या घरांत असे एखादे इंजिन माळ्यावरच्या ट्रंकेत निघाले तर नवल वाटू नये.

झिजले की फुगले?

झिजलेले चाक लहान होते आणि रोगट, म्हणजे धातू आतूनच खराब होत असलेले, चाक मोठे होते. निदानाचा पाया एवढाच आहे, पण चाक डुलते म्हणजे ते झिजलेच असणार असे गृहीत धरल्यामुळे तो बहुधा तपासलाच जात नाही. साधा डिजिटल व्हर्नियर पुरेसा आहे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित उतरता असतो, म्हणून फ्लँजपासून (चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या आतल्या उंच कडेपासून) ठरावीक अंतरावरच व्यास मोजावा, तो तीन-चार दिशांनी मोजावा आणि त्याच आसावरच्या समोरच्या चाकाशी ताडून पाहावा. सर्व दिशांनी व्यास सारखा, पण समोरच्या चाकापेक्षा कमी भरला, तर ती झीज आहे. एकाच चाकाचे वेगवेगळ्या दिशांचे व्यास वेगवेगळे भरले, आणि त्यांतला एखादा मूळ मापापेक्षा जास्त निघाला, तर ते चाक आतून फुगत आहे.

खऱ्या झिजेची चिन्हे ओळखणे सोपे आहे. निकेलचा मुलामा जाऊन खालचा धातू दिसतो, रूळ टेकतो तेथे बारीक खोबण पडते, फ्लँज पातळ होऊन तिची कड धारदार होते. धारदार फ्लँज वळणावर रुळाच्या अंगावर चढते, आणि खोबणीमुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूला जी दुसरी उंच कड तयार होते ती सांध्यावर अडकते. विजेच्या इंजिनात मुलामा गेलेल्या जागी ठिणग्या पडून खड्डे पडतात आणि इंजिन अडखळत चालते.

रोगट चाकाची गोष्ट वेगळी आहे. दोन महायुद्धांमधल्या काळातली अनेक चाके जस्ताच्या मिश्रधातूची, ज्याला इंग्लंडात माझॅक म्हणत, साच्यात दाबून ओतलेली असत. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेले मिश्रधातू बाजारात आणले खरे, पण सगळे कारखाने तेवढी शुद्धता पाळत नव्हते. शिसे, कथील किंवा कॅडमियम अत्यल्प प्रमाणात जरी मिसळले, तरी धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून गंज आत शिरतो, धातू फुगतो, त्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते आणि शेवटी नखाने दाबले तरी फ्लँजचा तुकडा निघतो. आजच्या मानकांत अशा ओतकामात शिशाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के आहे, यावरून हा प्रश्न किती बारीक अशुद्धीचा आहे हे लक्षात यावे. या रोगावर उपचार नाही. वार्निश, तेल किंवा इपॉक्सी लावल्याने तो थांबत नाही, कारण त्याचे मूळ धातूतच असते. तो एका चाकावरून दुसऱ्या चाकाला लागतो हा समज मात्र निराधार आहे. एकाच डब्यातली चार चाके एकत्र जातात ती बहुधा एकाच घाण्यातली असतात म्हणून.

केवळ पांढरी भुकटी दिसली म्हणून चाकाला रोगट ठरवू नये. लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या जस्तावर लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे वरच्यावर पांढरा थर चढतो. तो कोरड्या कापडाने पुसून घड्याळजी वापरतात त्या भिंगाखाली पाहावे. भेगा नसतील आणि व्यास सर्व दिशांनी सारखा असेल, तर त्या चाकाला हात लावण्याचे कारण नाही.

दमट उष्णतेत हा रोग वेगाने वाढतो, आणि येथे नागपूरकरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बाहेरची हवा अतिशय कोरडी असते, म्हणून धातूच्या वस्तूंना आपला उन्हाळा मानवतो असे वाटते. पण ज्या खोलीत कूलर दिवसभर चालतो तिची हवा कोरडी राहत नाही, आणि शोभेचे कपाट नेमके दिवाणखान्यात, कूलरच्या झोतासमोर असते. अशा घरात पावसाळ्याचे चार महिने आणि कूलरचे तीन महिने धरले, तर वर्षातला निम्म्याहून अधिक काळ इंजिन ओलसर हवेत काढते.

चाक बदलूनही प्रश्न का उरतो

पहिले कारण म्हणजे जुन्या साठ्यातली चाके. पेटीतून कधीच बाहेर न काढलेली, त्या काळातली अस्सल सुटी चाके म्हणून जी विकली जातात, त्यांना संग्राहक जास्त पैसे मोजतात. झिजेच्या दृष्टीने ती नवी असतात हे खरे, पण जस्ताचा रोग इंजिन किती मैल चालले यावर ठरत नाही, तो वयाबरोबर वाढतो. १९३० च्या दशकातले न वापरलेले चाक आणि वापरलेले चाक यांचे धातूचे वय सारखेच असते. दुसऱ्या भंगार इंजिनातून काढलेल्या चाकांनाही हाच न्याय लागू होतो. माझे मत असे की, महायुद्धपूर्व ओ गेज इंजिन चालवायचे असेल तर त्याला त्या काळातले जस्ताचे चाक बसवूच नये. केवळ कपाटात ठेवायचे असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरे कारण चाकात नसून सांगाड्यात असते. चावीच्या इंजिनात आस दोन पत्र्यांमधल्या भोकांतून जातो, आणि अनेक दशके तेलाविना चालल्यामुळे ही भोके लंबगोल होतात. अशा भोकात कितीही अचूक चाक बसवले तरी ते डुलणारच, आणि शिवाय आसावरचे दातेरी चक्र पुढच्या चक्रापासून कमी-जास्त दूर जात राहिल्यामुळे त्याचे दातेही झिजतात. चाके काढल्यावर मोकळा आस भोकात वर-खाली हलवून पाहावा. डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर भोक मोठे करून पितळेचे बुश, म्हणजे आस ज्यातून जातो ती छोटी नळी, बसवावे आणि मगच चाकांकडे वळावे. भोक मोठे करताना केंद्र मूळ जागीच राहिले पाहिजे. लंबगोल भोकात सरळ ड्रिल घातले तर ते झिजलेल्या बाजूला सरकते, म्हणून न झिजलेल्या बाजूला आधी गोल कानशीने थोडे घासून भोक समतोल करून घ्यावे.

वाकलेला आस हे तिसरे कारण आहे. तो आरशाच्या काचेवर लोळवून पाहिला की लगेच कळतो.

चाके काढताना

चावीचे इंजिन असेल तर सर्वांत आधी स्प्रिंग पूर्ण उलगडू द्यावी. भरलेली स्प्रिंग असताना आस काढला तर चक्रांची साखळी एकदम सुटते, दाते तुटतात आणि बोटालाही इजा होऊ शकते.

चाके आसावर दाबून बसवलेली असतात. पत्र्याचा आधार घेऊन स्क्रूड्रायव्हरने चाक उचकटण्याचा मोह टाळावा, कारण वाकलेला पत्रा पुन्हा सरळ करणे हे चाक बदलण्यापेक्षा अवघड काम आहे. चाकाच्या मागच्या बाजूला दोन्हीकडून आधार देणारा छोटा पुलर वापरावा, किंवा चाकाखाली खाच पाडलेला पोलादी तुकडा ठेवून आसाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक पंचने आस खाली दाबावा. हातोडीपेक्षा लहान व्हाइसचा सावकाश दाब चांगला. रोगट चाक असेल तर ते वाचवण्याचा प्रयत्न न करता कटरने फोडून काढावे. आस वाचणे महत्त्वाचे आहे.

काढण्यापूर्वी दोन नोंदी करून ठेवाव्यात. दोन्ही चाकांच्या आतल्या पृष्ठभागांमधले अंतर किती आहे ही पहिली, आणि उजव्या बाजूची क्रँकपिन (चाकांना जोडणारा दांडा ज्या खुंटीवर बसतो ती) डावीच्या पुढे आहे की मागे ही दुसरी. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले तर ही दुसरी नोंद आपोआप होते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने घासलेली धूळ फुंकू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी आणि काम संपल्यावर हात धुवावेत. मुले जवळ असतील तर हे विशेष पाळावे.

नवी चाके कोठून आणावीत

आज तयार मिळणारी बारीक फ्लँजची, प्रमाणशीर मॉडेलांसाठीची चाके जुन्या पत्र्याच्या रुळांवर चालत नाहीत. त्यांच्या फ्लँज उथळ असतात आणि जुन्या सांध्यातल्या रुंद फटीत चाक धप्पकन खाली बसते. जुन्या इंजिनांसाठीच बनवलेल्या पुनर्निर्मित चाकांची मागणी परदेशातून करता येते, आणि साधे चार चाकांचे इंजिन असेल तर तोच सोपा मार्ग आहे. मात्र विक्रेत्याला धातू कोणता आहे हे आधी विचारून घ्यावे.

नागपुरात चाके करून घेणेही शक्य आहे. आरे नसलेले, बंद तबकडीचे चाक हिंगणा एमआयडीसीतला कोणताही बरा टर्नर सळईतून लेथवर काढून देईल. त्याला नमुन्याचे चाक नुसते हातात देण्याऐवजी फ्लँजची उंची, तिची जाडी, रुळावर टेकणाऱ्या भागाची रुंदी आणि आसाच्या भोकाचा व्यास लिहिलेले रेखाचित्र द्यावे, कारण झिजलेला नमुना दिला तर झिजलेलेच माप हाती येते. सौम्य पोलाद या कामाला उत्तम. पितळ कातायला सोपे असले तरी रुळावर त्याची पकड कमी असते, आणि चढावर घसरण्याची तक्रार असलेल्या इंजिनाला पितळी चाके बसवणे म्हणजे ती तक्रार वाढवणे होय.

आऱ्यांच्या चाकाला ओतकाम लागते. सोन्याचांदीचे कारागीर मेणाच्या प्रतिकृतीवरून ज्या पद्धतीने दागिने ओततात, त्याच पद्धतीने आऱ्यांचा मधला भाग पितळेत सुबक उतरतो, आणि इतवारीच्या सराफ्यात चौकशी केली तर असे काम करणारे हात सापडू शकतात. अडचण आकसण्याची आहे. पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते, मेणही थोडे आकसते. म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाच्या चाकात केवळ पितळेमुळेच ०.६ मिलिमीटरची घट येते. व्यासाची घट मेणावर थर वाढवून आणि नंतर लेथवर कातून भरून काढता येते, पण क्रँकपिनचे केंद्रापासूनचे अंतरही त्याच प्रमाणात कमी होते, आणि याचा विसर पडला तर सगळे काम फुकट जाते. एकच चाक नवे ओतून बाकीची जुनी ठेवली तर जोडदांडा प्रत्येक फेऱ्याला अडतो. म्हणून क्रँकपिनचे भोक ओतकामात घेऊच नये. ते नंतर एकाच जिगमध्ये (भोक नेमक्या जागी पडावे म्हणून चाक धरून ठेवणाऱ्या चौकटीत) सर्व चाकांना पाडावे, आणि शक्य असेल तर दांड्याने जोडलेली सर्व चाके एकदमच बदलावीत.

पितळी मध्यभागावर पोलादी धाव चढवली तर दिसणे आणि पकड दोन्ही साधतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो, तीच ही रीत. ३० मिलिमीटर आतल्या व्यासाची पोलादी धाव २०० अंशांनी तापवली की तिचा व्यास सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढतो. म्हणून मधला भाग धावेच्या भोकापेक्षा ०.०३ मिलिमीटर मोठा ठेवला तर ती तापलेली असताना सहज बसते आणि थंड झाल्यावर आवळते. यापेक्षा जास्त फरक ठेवला तर बारीक आऱ्यांवर ताण येतो.

भंगारातले जुने कार्ब्युरेटर वितळवून घरीच जस्ताची चाके ओतण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो. जस्त ४२० अंशांच्या खालीच वितळते, त्यामुळे ते सोपे वाटते. पण ज्या भांड्यात पूर्वी कधी डाग देण्याचे कथील-शिसे वितळवले गेले असेल, त्यातून वर सांगितलेली ०.००५ टक्क्यांची मर्यादा ओलांडायला काहीच लागत नाही, आणि आपण स्वतःच्या हाताने नवी रोगट चाके तयार करतो. हा मार्ग मी सुचवणार नाही.

बसवताना

आसाचे भोक आसापेक्षा ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर लहान असावे आणि चाक व्हाइसमध्ये सरळ दाबून बसवावे. भोक थोडे सैल झाले असेल तर लॉकटाइट ६३८ सारखे धातू जखडणारे रसायन कामी येते, पण ते पुन्हा सोडवायचे झाल्यास सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावे लागते. पत्र्याच्या इंजिनातला कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या पुढे सुटू लागतो आणि रंग त्याच्याही आधी करपतो, हे लक्षात ठेवून ते कमीत कमी वापरावे. भेग पडलेल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या, आस बसतो त्या भागात) ते भरून चाक वाचवल्याचे समाधान मानू नये.

दोन चाकांच्या आतल्या पृष्ठभागांमधले अंतर हा सांध्यावरच्या घसरण्यातला सर्वांत मोठा घटक आहे. जाड फ्लँजच्या ओ गेज चाकांसाठी ते साधारण २८ मिलिमीटर धरले जाते, बारीक फ्लँजच्या चाकांसाठी २९. पण जुन्या खेळण्यांत बराच फरक असतो, म्हणून त्याच इंजिनाच्या किंवा त्याच संचातल्या डब्याच्या निर्दोष आसाचे माप प्रमाण मानावे. अंतर जास्त झाले तर फ्लँज सांध्याच्या टोकावर आदळते. कमी झाले तर चाकांच्या पाठी आतल्या संरक्षक रुळांवर अडकून चाक वर चढते. रोगट चाक जाडही होत असल्यामुळे हे अंतर आपोआप कमी होत जाते, आणि कालपर्यंत नीट चालणारे इंजिन एकाच सांध्यावर घसरू लागते त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

जोडदांडे असलेल्या इंजिनात दोन बाजूंच्या क्रँकपिना एकमेकींशी ९० अंशांत असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर, म्हणजे दांडा चाकाला फिरवू शकत नाही अशा जागी, असताना दुसरी ओढू शकते. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातल्या वाफेच्या इंजिनाच्या एका बाजूची क्रँकपिन पाहून दुसऱ्या बाजूला फेरी मारली तर ही रचना ध्यानात येते. खेळण्याच्या बाबतीत कोन बरोबर ९० अंश असण्यापेक्षा तो सर्व आसांवर सारखा असणे महत्त्वाचे आहे. सगळीकडे ८८ असला तरी इंजिन चालते, पण एकावर ९० आणि दुसऱ्यावर ८८ असला तर ते अडते. आऱ्यांची संख्या चारने भागली जाणारी असेल तर आरेच मापक होतात: बारा आऱ्यांच्या चाकात ९० अंश म्हणजे तीन आऱ्यांचे अंतर, आणि समोरच्या चाकाचे आरे आरपार पाहून जुळवता येतात. जोडदांडा लावल्यावर इंजिन अडत असेल तर त्याची भोके मोठी करून ते सुटे करण्याऐवजी चाक पुन्हा फिरवून बसवावे. मोठी केलेली भोके हा दोष काही महिने झाकतात, आणि नंतर क्रँकपिना झिजून तो दुप्पट होऊन परत येतो.

विजेच्या इंजिनात आणखी एक तपासणी लागते. डब्लोच्या तीन रुळांच्या पद्धतीत मधला रूळ वीज देतो आणि बाहेरचे दोन्ही रूळ ती परत नेतात, त्यामुळे चाके आसाशी विजेने जोडलेली असावी लागतात. १९५९ पासूनच्या दोन रुळांच्या पद्धतीत मात्र दोन बाजूंची चाके एकमेकांपासून विलग हवीत. एका पद्धतीचे चाक दुसरीत बसवले तर तीन रुळांचे इंजिन मुळीच हलणार नाही किंवा अडखळेल, आणि दोन रुळांच्या इंजिनात थेट शॉर्ट सर्किट होईल. मल्टिमीटरने दोन चाकांमधला रोध पाहिल्याशिवाय वीज देऊ नये.

सगळे बसवल्यावर इंजिन काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखाली साधा छपाईचा कागद सरकवून पाहावा. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. तो एखाद्या चाकाखाली सहज शिरला तर ते चाक टेकत नाही, आणि दोष चाकात, बुशात की सांगाड्याच्या पिळात आहे ते शोधावे लागेल.

तेल शिवणयंत्राचे, आणि तेही सुईच्या टोकावरचा एक थेंब इतकेच. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल घालण्याची सवय अनेकांना आहे, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि नागपूरच्या डिसेंबरातल्या रात्री त्याच्या कितीतरी खाली जातात; सकाळी चावी दिलेले इंजिन जागचे हलत नाही तेव्हा स्प्रिंगला दोष दिला जातो.

काढलेली जुनी चाके, ती रोगट असली तरी, इंजिनाचे नाव आणि तारीख लिहून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावीत, कारण पुढे कोणाला मूळ माप किंवा रंग पाहायचा झाला तर तोच पुरावा असतो. जी जस्ताची चाके अजून इंजिनावरच आहेत त्यांचे व्यास एकदा वहीत लिहून ठेवावेत आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, त्याच दिशांनी पुन्हा मोजावेत. एखादा व्यास ०.०५ मिलिमीटरने वाढलेला दिसला तर ते इंजिन चालवणे थांबवून पर्यायी चाकांची सोय लगेच सुरू करावी, कारण फुगणाऱ्या हबला भेग पडली की पुढचे नुकसान आसावरच्या दातेरी चक्राचे असते, आणि ते चक्र मिळवणे चाकापेक्षा अवघड आहे.